प्रपंच आणि शास्त्र : यंत्रानें धाडलेलें पत्र

"या पत्रास कृपया उत्तर पाठवूं नये," अशी शेवटची ओळ असलेलीं पत्रें हल्लीं आपल्या घरोघरीं दिवसाकाठीं पांचपंधरा तरी येतात. विजेच्या देयकाचें येतें, बँकेचें येतें, महानगरपालिकेच्या मिळकतकराचें येतें, मुलांच्या शाळेचें येतें, आगगाडीच्या तिकिटाचें येतें. पत्राच्या आरंभीं आपलें नांव असतें, मायना आदराचा असतो, शेवटीं "आपला विश्वासू" हेंही असतें. फक्त विश्वासू म्हणविणारा हा गृहस्थ कोण, याचा पत्ता लागत नाहीं. पूर्वीं निनांवी पत्र आलें म्हणजे घरांतील वडील माणसें तें वाचून चुलींत टाकीत. आतांचें निनांवी पत्र असें टाकून देण्याची सोय राहिली नाहीं. कारण त्यांतील एका ओळीवर एखाद्या घरचा महिन्याचा प्रपंच अवलंबून असतो. हें आम्ही अलंकारिक अर्थानें म्हणत नाहीं. निगडी, चिंचवड, भोसरी, चाकण या टापूंत राहणाऱ्या आमच्या वाचकांस त्याची प्रचीति आहेच. इतरांसाठीं थोडें विस्तारानें सांगतों.

पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना १९५४ सालीं उभा राहिला, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पुढील वीस वर्षांत मोरया गोसावींच्या शांत चिंचवडाभोंवतीं मोटारींचे, स्कूटरांचे व यंत्रांचे कारखाने इतक्या दाटीनें वसले कीं १९८२ सालीं तेथें महानगरपालिकाच करावी लागली. चाकणची पाळी नंतर आली. कांद्याच्या बाजारासाठीं व संग्रामदुर्गासाठीं ठाऊक असलेल्या त्या गांवाच्या माळावर या शतकाच्या पहिल्या दशकांत मोटारींचे मोठमोठे कारखाने येऊं लागले. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ सालीं सुरू झाला. पाहुण्याला दाखविण्यासारखीं नांवें हीं. परंतु या मोठ्या नांवांच्या आडोशाला हजारों लहान कारखाने आहेत, आणि त्यांत आपल्या वर्गांतील कितीतरी कुटुंबें आहेत. वडिलांनीं मोठ्या कारखान्यांत नोकरी करून निवृत्तीच्या पैशांतून भोसरीस एक शेड घेतली, थोरल्यानें लेथ व मिलिंग सांभाळलें, धाकट्यानें हिशेब सांभाळला, आणि आतां घरांतील एखादी इंजिनिअर सून सकाळीं दहाच्या सुमारास कारखान्याची ई-मेल उघडून बसते. हें चित्र तेथें घरटी नसलें तरी गल्लीगणिक पहावयास मिळतें.

मोठा कारखाना सुट्या भागांचा साठा करून ठेवीत नाहीं. कांहीं तासांपुरताच माल जवळ ठेवावयाचा आणि लागेल तसा तो पुरवठादाराकडून मागवावयाचा, ही जपानांतून आलेली रीत या पट्ट्यांत चांगली मुरली आहे. त्यामुळें "उद्यां सकाळच्या पाळीला डाव्या बाजूचे चारशे कमी करा, उजव्या बाजूचे चारशे वाढवा" असा निरोप आज सायंकाळीं येतो. हा निरोप कोणी मनुष्य लिहीत नाहीं. नियोजनाचा संगणकीय कार्यक्रम आंकडे ठरवितो, पुरवठादारांसाठीं उघडलेल्या "पोर्टल"वर ते मांडतो, आणि तसें मांडल्याची वर्दी ई-मेलनें धाडतो. वर्दी वेळेवर हातीं आली तर टेम्पो वेळेवर सुटतो. (तळेगांव-चाकण रस्त्यावर पुढें तो कोठें अडकतो, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) वर्दी आली नाहीं तर मोटारींची सांखळी थांबते, आणि थांबलेल्या प्रत्येक मिनिटाचा आकार पुरवठादाराच्या नांवावर "डेबिट नोट" म्हणून पडतो.

जुन्या पिढीस हे निरोप कार्डानें, तारेनें, टेलेक्सनें व पुढें फॅक्सनें येत. तारेची सेवा २०१३ च्या जुलैंत बंद झाली, तेव्हां अनेकांस हळहळ वाटली. परंतु तारेबरोबर दुसरीही एक गोष्ट गेली, तिची हळहळ फारशी कोणीं केली नाहीं. तार आणणारा शिपाई सही घेतल्याशिवाय हलत नसे. रजिस्टर पत्रासोबत पोंचपावती असे. म्हणजे निरोप धाडणें आणि निरोप पोंचणें या दोन क्रिया निराळ्या आहेत हें त्या व्यवस्थेंत सर्वांस ठाऊक होतें. ई-मेलमध्यें या दोन क्रिया एकाच शब्दांत मिसळून गेल्या आहेत, आणि तो शब्द म्हणजे पोर्टलवर हिरव्या अक्षरांत उमटणारें "पाठविलें".

या "पाठविलें"चा खरा अर्थ काय, हें समजण्यासाठीं यंत्राच्या पोटांत थोडें डोकावलें पाहिजे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें, मुली, सुना हिंजवडीस किंवा परदेशीं हेंच काम करतात. पण घरच्या वडील मंडळींना तें काम समजावून सांगण्याइतकी सवड त्यांना मिळत नाहीं, ही तक्रारही आम्ही ऐकतों. तेव्हां तें आम्हीच सांगतों.

असें पोर्टल बांधणारे तरुण सर्व कांहीं मुळापासून लिहीत नाहींत. त्यांच्यासाठीं तयार सांगाडे असतात. त्यांना "फ्रेमवर्क" म्हणतात. रेल्स, जँगो, ग्रेल्स, लारावेल हीं त्यांचीं कांहीं नांवें. पैकीं रेल्स २००४ सालीं व जँगो २००५ सालीं लोकांपुढें आला. घर बांधतांना दारेंखिडक्या तयार आणून बसवाव्या, त्याप्रमाणें या सांगाड्यांत पत्र धाडण्याची सोय एकतर आधींच बसविलेली असते, नाहींतर "प्लगइन" नांवाची तयार जोड आणून बसवितात. ग्रेल्समध्यें ही जोड प्लगइनच्या रूपानें मिळते. ती बसविली म्हणजे लिहिणाऱ्यास चारपांच ओळींपलीकडे कांहीं लिहावें लागत नाहीं : पत्र कोणास, कोणाकडून, विषय काय, मजकूर कोणता. मजकुराचा सांचा एकदां करून ठेवला कीं त्यांत पुरवठादाराचें नांव, भागाचा क्रमांक व नग आपोआप भरले जातात. एका मुलीनें दुपारीं लिहिलेल्या पांच ओळी सायंकाळीं दोन हजार पुरवठादारांस पत्रें धाडूं शकतात. कौतुक करण्यासारखीच ही गोष्ट आहे, आणि आम्ही तें मनापासून करतों.

परंतु हें प्लगइन स्वतः पत्र पोंचवीत नाहीं. तें फक्त पेटींत टाकतें. वेगळी सूचना दिली नाहीं तर ग्रेल्सचें हें प्लगइन असें गृहीत धरून चालतें कीं टपालकचेरी याच यंत्रावर आहे आणि तिचें दार २५ क्रमांकाचें आहे. जँगोचीही तीच समजूत. तेथें कोणी नसेल तर पत्र सुटतच नाहीं. आणखी दोन कळा या प्लगइनला आहेत, त्या आम्हांस फार बोधप्रद वाटल्या. एक कळ दाबली कीं पत्रें धाडणेंच बंद होतें, बाकी सर्व व्यवहार बिनबोभाट चालू. दुसरी कळ अशी कीं पत्र कोणाच्याही नांवें असो, तें एकाच ठराविक पत्त्यावर वळवावयाचें. कार्यक्रम अजून चांचणींत असतांना खऱ्याखुऱ्या पुरवठादारास "पन्नास हजार नग पाठवा" असें खोटें पत्र जाऊं नये, म्हणून या सोयी केलेल्या आहेत, आणि त्या अवश्य हव्यातच. मात्र चांचणी संपल्यावर ती दुसरी कळ पूर्ववत् करावयाची राहिली तर दोन हजार पत्रें मुकाट्यानें एकाच पेटींत जाऊन पडतील, आणि पोर्टलवर मात्र दोन हजार वेळां "पाठविलें" उमटेल. खोटें तें नाहींच. पत्रें पाठविलेलीं आहेत.

जँगोमध्यें याच जातीची आणखी एक गोष्ट आहे. पत्र सुटलें नाहीं तर काय करावयाचें, हें तेथें कार्यक्रम लिहिणारा सांगूं शकतो, आणि "अपयश आलें तरी मुकाट्यानें पुढें जा" असेंही त्यास सांगतां येतें. न सांगितल्यास तें यंत्र ओरडून थांबतें. ओरडणारें यंत्र गैरसोयीचें खरेंच. मध्यरात्रीं एखाद्याची झोंप मोडतें. पण घरांतील नोकरानें दूध उतूं गेल्याचें सांगावें कीं मुकाट्यानें पातेलें घासून ठेवावें, यांत निवड करावयाची झाल्यास कोणतीही गृहिणी काय निवडील हें सांगावयास नको.

आतां पेटींतून पुढें. एका टपालयंत्रानें दुसऱ्यास पत्र कसें द्यावें याचे नियम जॉन पोस्टेल या अमेरिकन विद्वानानें १९८२ सालीं लिहून काढले. त्यास एसएमटीपी म्हणतात, आणि त्याचा गाभा आजही तोच आहे. तो व्यवहार म्हणजे अक्षरशः संभाषण आहे. येणारें यंत्र दारांत उभें राहून नमस्कार करतें व आपलें नांव सांगतें. मग म्हणतें, पाकिटावर धाडणाऱ्याचें नांव हें, घेणाऱ्याचें हें. घरचें यंत्र प्रत्येक वाक्यास आंकड्यानें उत्तर देतें. २५० म्हणजे "ठीक". चारशेंच्या घरांतील आंकडा म्हणजे "आतां सवड नाहीं, पुन्हां या". पांचशेंच्या घरांतील म्हणजे "असा कोणी येथें राहत नाहीं" किंवा "तुम्हांस घेत नाहीं". शेवटीं मजकूर दिला, ओळींत एकटें टिंब ठेवलें, आणि पुन्हां २५० आलें, कीं पत्राची जबाबदारी देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे गेली. येथें पत्र वाचलें गेलें नाहीं. तें घरधन्याच्या दृष्टीस पडलें असेंही नाहीं. दारावरील गड्यानें घेतलें, येवढेंच.

"पुन्हां या" असें उत्तर मिळालें तर धाडणारें यंत्र मधूनमधून फेऱ्या घालीत राहतें. नियमग्रंथाचा सल्ला असा कीं दोन फेऱ्यांत निदान अर्धा तास असावा आणि निराश होऊन परतण्यापूर्वीं निदान चारपांच दिवस प्रयत्न करावा. पत्रव्यवहाराच्या दृष्टीनें हा सल्ला शहाणपणाचाच आहे. परंतु उद्यां सकाळच्या पाळीचा निरोप पांचव्या दिवशीं मिळून काय उपयोग? आणि शेवटीं हात टेकल्यावर तें यंत्र "पत्र पोंचलें नाहीं" असें एक उलट पत्र धाडतें. तें कोणास? पाकिटावर ज्याचें नांव त्यास. पाकिटावर बहुधा तोच उत्तर न घेणारा पत्ता असतो, आणि त्याची पेटी कधींच कोणी उघडीत नाहीं. म्हणजे ज्या एका कागदानें सत्य कळावयाचें तो कागद आपण मुद्दाम आंधळ्या विहिरींत टाकण्याची व्यवस्था करून ठेवतों. "या पत्रास उत्तर पाठवूं नये" ही ओळ आम्हांस उद्धटपणाची वाटते ती वाटतेच. पण त्याहून ती अव्यवहारी आहे, हें आमचें मुख्य म्हणणें आहे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबावर दोन वर्षांपूर्वीं जो प्रसंग आला तो येथें सांगण्यासारखा आहे. तिघे भाऊ एकत्र राहतात. भोसरीस त्यांचा पत्र्याचे ब्रॅकेट करण्याचा कारखाना आहे. त्यांच्या एका मोठ्या ग्राहकानें आपलें पोर्टल नव्या सर्व्हरवर हलविलें. गुरुवारीं सायंकाळीं बदललेल्या मागणीचें पत्र सुटलें, पोर्टलवर "पाठविलें" असें उमटलें, आणि शुक्रवारीं सकाळीं जुन्या मागणीप्रमाणें भरलेला टेम्पो दारावरून परत आला. सांखळी चाळीस मिनिटें थांबली. पुढच्या आठवड्यांत डेबिट नोट आली. ती रक्कम येवढी होती कीं दोन महिन्यांचे कामगारांचे पगार तींतून निघाले असते. ग्राहकाचे लोक म्हणत, पत्र पाठविलें, ही पहा नोंद. थोरले बंधु म्हणत, पत्र मिळालें नाहीं, देवाशपथ सांगतों. दोन्ही पक्ष सरळ मनानें बोलत होते, आणि म्हणूनच भांडण मिटेना. घरांत वाद सुरू झाला तो निराळाच. धाकट्याच्या पत्नीनें ई-मेल नीट पाहिली नाहीं, असा सूर निघाला. ती बाई दुपारभर रुसून बसली नाहीं. "स्पॅम"च्या कप्प्यांत तिला तें पत्र सांपडलें. त्याचें मूळ रूप दाखविण्याची सोय जवळजवळ प्रत्येक ई-मेल सेवेंत असते, ती तिनें उघडली, आणि वरच्या बारीक अक्षरांच्या गर्दींतून एक ओळ दिराला वाचून दाखविली : "एसपीएफ : फेल".

ही ओळ काय म्हणते तें सांगितलें पाहिजे. वर ज्या संभाषणाचें वर्णन केलें त्यांत येणारें यंत्र आपलें नांव स्वतःच सांगतें, आणि १९८२ च्या नियमांत तें तपासण्याची कांहींच तरतूद नव्हती. त्या काळीं एकमेकांस ओळखणाऱ्या विद्यापीठांचाच तो शेजार होता. पुढें भामटे शिरले. मग तीन बंदोबस्त झाले. पहिला एसपीएफ : प्रत्येक संस्थेनें जाहीर करावयाचें कीं आमच्या नांवानें पत्रें आणणारे गडी हे इतकेच, यादींत नसलेला आला तर सावध रहावें. दुसरा डीकेआयएम : पत्रावर संस्थेची गुप्त मोहोर उठवावयाची, आणि ती खरी कीं खोटी हें पडताळण्याचें साधन सर्वांसाठीं उघडें ठेवावयाचें, वाटेंत मजकूर बदलला तर मोहोर जुळत नाहीं. तिसरा डीमार्क : पाकिटावरचें नांव आणि आंतल्या पत्रावरचें नांव यांचा मेळ बसतो कीं नाहीं हें पहावयाचें, व बसत नसेल तर काय करावें हें संस्थेनेंच आधीं सांगून ठेवावयाचें. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेल व याहू यांनीं हे नियम कडक केले. दिवसाला पांच हजारांहून अधिक पत्रें जीमेलच्या पत्त्यांवर धाडणाऱ्यास तिन्ही बंदोबस्त आवश्यक झाले. आमच्या स्नेह्यांच्या ग्राहकानें नवा सर्व्हर घेतला, पण त्याचें नांव गड्यांच्या यादींत घातलें नव्हतें. प्लगइनमध्यें एक अक्षरही चुकलें नव्हतें. पत्रें सुटत होतीं, घेणाऱ्यांच्या दारांत पोंचत होतीं, २५० मिळत होतें. आणि तेथून तीं संशयितांच्या खोलींत जात होतीं.

त्या ओळीचा कागद पुढें केल्यावर ग्राहकाच्या माणसांनीं डेबिट नोट निम्म्यावर आणली. निम्मी कां राहिली याचें उत्तर कायद्यांत आहे, आणि तें प्रत्येक लहान कारखानदाराच्या घरीं ठाऊक असावें असें आम्हांस वाटतें. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे. त्याच्या १३ व्या कलमांत म्हटलें आहे कीं उभयतांत वेगळें ठरलें नसेल तर, धाडणाऱ्याच्या ताब्याबाहेरील संगणकव्यवस्थेंत पत्र शिरलें कीं तें रवाना झालें. आणि घेणाऱ्यानें एखादा पत्ता मुद्दाम नेमून दिलेला असेल तर त्या व्यवस्थेंत पत्र शिरतांच तें त्यास मिळालें. शिरतांच, वाचतांच नव्हे. स्पॅमचा कप्पा आपल्याच पेटीचा एक भाग आहे, हा युक्तिवाद समोरचा वकील करणारच. तेव्हां वादाच्या वेळीं केवळ "आम्ही पाहिलें नाहीं" हें म्हणणें दुबळें ठरण्याचा संभव आहे. परंतु त्याच कायद्याचें १२ वें कलम लहान माणसाच्या सोयीचें आहे, आणि तिकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. पोंच मिळाली तरच पत्र बंधनकारक, अशी अट धाडणाऱ्यानें घातलेली असेल आणि पोंच गेली नसेल, तर तें पत्र धाडलेंच गेलें नाहीं असें कायदा मानतो. नवीन करारावर सह्या करतांना मागणीतील बदल पोंच दिल्यानंतरच लागू होईल, येवढें एक वाक्य घालून मागावें. मोठा ग्राहक नाहीं म्हणेल. कधीं कधीं हो म्हणतो. आमच्या स्नेह्यांना दोघांनीं नाहीं म्हटलें आणि एकानें मान्य केलें. अर्थात् करारावर सही करण्यापूर्वीं आपल्या वकिलाचा सल्ला घ्यावा हें ओघानें आलेंच.

याच्या उलट बाजूची गोष्ट अधिक भयंकर आहे. खरें पत्र संशयितांच्या खोलींत जातें, तसें खोटें पत्र कधीं कधीं थेट माजघरांत येऊन बसतें. "आमचें बँकेचें खातें बदललें आहे, या महिन्यापासून रक्कम खालील खात्यांत भरावी" अशा अर्थाचें पत्र नेहमींच्या पुरवठादाराच्या नांवानें येतें. मायना तोच, चित्र तेंच, मागील पत्रव्यवहारही खालीं जोडलेला. फक्त पत्त्यांत एक अक्षर इकडचें तिकडे. भामट्यानें स्वतःच्या नांवाची यादी व मोहोर रीतसर करून घेतलेली असल्यामुळें वरील तिन्ही बंदोबस्त अशा पत्रास खुशाल आंत सोडतात, कारण तें पत्र ज्या नांवाचें आहे त्याच नांवाकडून खरोखर आलेलें असतें; तें नांव आपल्या ओळखीचें नाहीं हें यंत्रास कसें कळावें? यावर यंत्रांत औषध नाहीं. खातें बदलल्याचें पत्र आलें कीं जुन्या, आधींपासून जवळ असलेल्या दूरध्वनीवर बोलून खात्री करावी, पत्रांत दिलेल्या क्रमांकावर नव्हे. पैसे गेलेच तर दिवस उजाडण्याची वाट न पाहतां १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें. पैसा एका खात्यांतून दुसऱ्यांत सरकण्यापूर्वीं तो अडविण्याची आशा पहिल्या कांहीं तासांतच असते.

एकत्र कुटुंबांस एक सूचना स्वतंत्रपणें करावीशी वाटते. कारखान्याचा ई-मेल पत्ता पुष्कळ ठिकाणीं पंधरा वर्षांपूर्वीं कॉलेजांत असलेल्या एखाद्या पुतण्यानें काढून दिलेला असतो. पुतण्या आज कॅनडांत आहे. परवलीचा शब्द विसरला कीं खात्री करून घेण्याचा निरोप त्याच्या जुन्या दूरध्वनीवर जातो, आणि तो क्रमांक कधींच बंद झालेला असतो. सगळ्या ग्राहकांच्या दफ्तरीं मात्र हाच पत्ता "नेमून दिलेला" म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे वरील १३ वें कलम याच पेटीला लागू. सातबारा कोणाच्या नांवावर आहे याची आपण जेवढी काळजी घेतों तिच्या दशांशानें तरी या पेटीची घ्यावी. ती पेटी कोणाच्या नांवें आहे, तिच्या किल्ल्या कोणा दोघांपाशीं आहेत, आणि सणासुदीला गांवीं गेल्यावर ती कोण उघडणार, हें घरांत बसून ठरवून टाकावें. स्पॅमचा कप्पा रोज एकदां पहावा. ग्राहकांचे पत्ते आपल्या पत्त्यांच्या वहींत घालून ठेवावे, म्हणजे त्यांचीं पत्रें संशयांत सांपडण्याचा संभव कमी होतो. आणि ज्या व्यक्तीकडे हें काम आहे, मग ती सून असो वा मुलगा, तिच्या कामाला काम म्हणावें.

आमच्या तरुण वाचकांपैकीं जे असलीं पोर्टलें लिहितात त्यांच्याशींही दोन शब्द. बटण दाबतांच त्याच दमांत पत्र धाडण्याचा आग्रह धरूं नये. पत्र आधीं नोंदवहींत लिहावें आणि निराळ्या कामगारानें तें रांगेनें धाडावें, म्हणजे टपालयंत्र क्षणभर बंद असलें तरी पत्र हरवत नाहीं. मात्र रांगेतील कामगार मध्येंच कोसळून पुन्हां उठला तर तेंच पत्र दोनदां धाडूं शकतो. "चारशे वाढवा" हें दोनदां आलें तर बिचारा पुरवठादार आठशे वाढवील. म्हणून प्रत्येक मागणीस स्वतःचा क्रमांक असावा, आणि "चारशे वाढवा" असें न लिहितां "एकूण बाराशे" असें लिहावें. परत आलेलीं पत्रें वाचणारा कोणी नेमावा. निदान तीं मोजावीं. पोर्टलवर "पाठविलें" असें न म्हणतां "टपालयंत्राच्या हवालीं केलें" असें म्हटलें तर शोभा थोडी कमी होईल, पण पुष्कळ भांडणें वांचतील. आणि पत्राखालीं उत्तर घेणाऱ्या एखाद्या जिवंत माणसाचा पत्ता द्यावा. दोन हजारांतून पांच उत्तरें येतील. त्या पांचांतच बहुधा तुमच्या यंत्राची चूक लिहिलेली असेल.

मराठी पत्रांविषयीं मात्र समाधानाची गोष्ट आहे. पूर्वीं यंत्राकडून देवनागरींत पत्र धाडलें तर पलीकडे नुसतीं प्रश्नचिन्हें उमटत, कारण मुळांतले नियम इंग्रजी अक्षरांपुरतेच केलेले होते. हल्लींच्या प्लगइनांत यूटीएफ-८ ही सर्व लिप्यांची वर्णव्यवस्था बहुधा आधींच बसविलेली असते. विषयाची ओळ देवनागरींत असेल तर ती वाटेंत इंग्रजी अक्षरांचा बुरखा पांघरून जाते आणि पलीकडे तो उतरविते. पत्तासुद्धां देवनागरींत असूं शकेल असे नियम २०१२ सालीं झाले, आणि २०१४ सालीं "भारत" हें देवनागरी नामक्षेत्रही सुरू झालें. भोसरीच्या शेडमधील फोरमनला "उजवा ब्रॅकेट, एकूण बाराशे, शनिवार सकाळ सहा" असें मराठींत आलें तर तें समजण्यासाठीं त्याला कचेरींतील कोणाची वाट पहावी लागत नाहीं. सांचा एकदांच लिहावयाचा असल्यामुळें मराठी सांचा लिहिण्यास एका दुपारीहून अधिक श्रम पडूं नयेत. आमच्या स्नेह्यांच्या त्या सूनबाईंनीं आपल्या तिन्ही ग्राहकांस तशी लेखी विनंती केली आहे. ज्यानें पोंचेची अट मान्य केली त्यानेंच तीही मान्य केली.

खात्री करून घेण्यासाठीं दूरध्वनीवर येणाऱ्या सहा आंकड्यांच्या निरोपाविषयीं कित्येक वाचकांनीं विचारलें आहे. तो विषय वेगळा आहे. पुढील अंकीं घेऊं.